घुमटाचं कातडं

माझा मामा लवू याला किळस कशाचीच येत नसे. शिरोड्याच्या मिठागरात तो मजुरीला जाई. पावसाळा संपला की तिथल्या चरांतून चार महिन्यांचा कुजका गाळ उपसावा लागतो. त्यात मेलेले मासे, खेकडे, कधी कुत्रंसुद्धा सापडतं. बाकीचे गडी नाकाला फडकं बांधत आणि मामा विडी ओढत कमरेपर्यंत आत उतरे. एकदा किनाऱ्याला बुडालेल्या खलाशाचं प्रेत लागलं, चार दिवसांचं. गाव वाऱ्याची दिशा बघून लांब उभा राहिला. मामाने घरून आपली अंथरायची चादर आणली आणि त्यात ते बांधलं. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या पाठीच्या जखमा दोन वर्षं त्यानेच धुतल्या. हौसामामी म्हणायची, "देवान ह्येका नाक देवकच नाय."

गावात त्याला मान होता तो मात्र घुमटामुळे. घुमट म्हणजे दोन्हीकडून तोंड असलेलं मातीचं पोटफुगं मडकं. मोठ्या तोंडावर कातडं ताणून बसवतात. उजव्या हाताने त्यावर वाजवायचं आणि मागचं लहान तोंड डाव्या पंजाने झाकत-उघडत नाद आत घुमवायचा. आमच्याकडे चतुर्थीच्या आरत्या आणि शिमगा त्याशिवाय होत नाही.

पूर्वी हे कातडं घोरपडीचं असे. पुढे घोरपड मारायला बंदी आली, तरी जुनी घुमटं वाजत राहिली. आजोबांच्या हातचं आमच्या घरचं घुमट अठ्ठ्याण्णव साली फाटलं आणि मामाने त्यावर बकऱ्याचं कातडं चढवलं. लोक कुरकुरले. "लवू, ह्या घुमट नाय, ह्यो पत्र्याचो डबो," म्हणाले. मामा तेच वाजवत राहिला. तो विशीत असताना आजोबांबरोबर बसून त्याने एक घोरपड सोलली होती. त्याबद्दल तो मला आयुष्यात एकदाच बोलला. "ती बेगीन मरणा नाय गो, संजू." ती लवकर मरत नाही, तेवढंच.

पुढे जे झालं त्यात माझा हात आहे, म्हणून हे मी लिहिते आहे. दुसऱ्या कोणाला त्यातलं सगळं माहीत नाही.

मी तेव्हा ओरोसला सरकारी कचेरीत कारकून होते. २००३ च्या दिवाळीनंतर एक गृहस्थ माझ्या टेबलाशी आले. उदयन बेहेरे, पुण्याचे संगीतकार. जीप घेऊन विजयदुर्गापासून रेडीपर्यंत किनाऱ्याने निघाले होते. गावोगावच्या वाजवणाऱ्यांबरोबर बसून एक मोठी रचना बांधायची, मागे बारा व्हायोलिनं आणि पुढे ही मंडळी बसवून ती मुंबईला सादर करायची, असा त्यांचा बेत होता. त्यांना लोककलाकारांची यादी हवी होती. यादी मी दिली आणि शेवटी स्वतःच्या हाताने खाली एक नाव वाढवलं. ते मामाचं.

पुढच्या शनिवारी मी एसटीने शिरोड्याला गेले तेव्हा दोघे घरापुढच्या खळ्यात समोरासमोर बसले होते. बेहेऱ्यांच्या मांडीवर वही होती. मामाने वाजवलेलं ते तोंडाने बोलून दाखवत आणि कागदावर उतरवत होते.

"ता तसा नाय, सायबानू," मामा म्हणाला. "तुमी उडी मारतास. हय वायच थांबाक होया. आरती म्हणणारो माणूस हय श्वास घेता."

बेहेरे थबकले. मग त्यांनी वहीतलं पान फाडून टाकलं. "लवूमामा, तुम्ही माझी सगळी चाल बदललीत. आता बाराही व्हायोलिनं इथे थांबणार. तुमच्या श्वासासाठी."

मामा लाजला. पन्नाशीचा माणूस, मिठाने हात फाटलेले, आणि त्याच्या थांबण्याला कोणी नाव देत होतं. बेहेरे खोटं वागत नव्हते, हे मला आजही म्हणावं लागतं. ते मामाबरोबर पहाटे मिठागरावर जात, बांधावर बसत, दुपारी मामीच्या हातचं जेवत. सात मात्रांची एक फिरत दोघांनी मिळून बांधली. ती जमली त्या दिवशी बेहेऱ्यांनी वाकून मामाच्या पायांना हात लावला. मामी दारात उभी होती. ती आत जाऊन रडली. मी आठ दिवसांची रजा टाकली आणि तिथेच राहिले.

तिसऱ्या दिवशी बेहेऱ्यांनी एक ध्वनिमुद्रण ऐकवलं. वाटेत एका लहानशा देवळात त्यांना जुनं घुमट टांगलेलं मिळालं होतं. त्यावर त्यांनी दोन-चार थापा मारल्या होत्या, त्या टेपवर होत्या.

"हा आवाज कुठून येतो, मामा?"

"घोरपडीचा कातडा ता. आता बंदी आसा. आनि मी करनय नाय."

"छे छे, तुम्ही करावं असं मी म्हणतच नाही," बेहेरे म्हणाले. "मी फक्त आवाजाबद्दल बोलतोय."

त्यानंतर ते रोज फक्त आवाजाबद्दल बोलत. वाजवणं ऐन रंगात आलं की हात थांबवून म्हणत, "सगळं आहे. फक्त खालचा घुमार नाही." एकदा म्हणाले, मुंबईचा कार्यक्रम कदाचित घुमटाशिवायच करावा लागेल. मामा त्या दिवशी जेवला नाही.

हे सगळं सत्यवान ऐकत होता. सत्यवान मामाचा लहानपणापासूनचा दोस्त. समुद्राकडच्या रस्त्यावर त्याच्या दोन खोल्या आणि खानावळ होती, बेहेरे तिथेच उतरले होते. पाहुणे त्याच्याकडे टिकावेत, गावाचं नाव व्हावं, असं त्याला वाटे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक गोणपाट घेऊन आला आणि त्याने ते खळ्यात सोडलं. गोणपाट हललं.

आत घोरपड होती. हातभर लांब, पाय पाठीवर वळवून काथ्याने बांधलेले, तोंडाला तार. तारेच्या फटीतून जीभ बाहेर येत होती आणि आत जात होती. डोळे उघडे होते. तिच्या अंगाला गोणीतल्या सुक्या मासळीचा वास लागला होता.

बेहेरे दोन पावलं मागे सरले. "हे काय आहे? नाही, नको. मला यातलं काही माहीत नको," म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. मी जीपच्या काचेतून पाहिलं. त्यांनी कानांवर हेडफोन चढवले होते.

"सोडून ये," मामा सत्यवानाला म्हणाला.

"सोडूक कित्या? अर्दी रात रानात घातलंय मी!"

मामाने माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली, सरकारी कचेरीतली. कायदा मला माहीत होता. मी "सोड" म्हटलं असतं तर ती घोरपड सुटली असती, याबद्दल मला शंका नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर मुंबईचं सभागृह होतं आणि त्यात झगझगीत उजेडात बसलेला माझा मामा.

"मामा," मी म्हटलं, "आता धरून हाडलीच आसा. एकदाच काय ता कर. पुन्ना करूक नको."

तो गोणपाट उचलून घरामागे गेला, सत्यवान त्याच्या मागून. मी मामीबरोबर चुलीपाशी बसून राहिले. मामीने मुद्दाम भांडी आपटायला घेतली. तरी मधून मधून ऐकू येत होतं. ओरडणं नव्हतं ते. घोरपड ओरडत नाही, फुसफुसते. पाऊण तास ते चाललं. मग मामा पुढच्या दारी आला, विहिरीवर गेला आणि हातांना राख घासू लागला. बराच वेळ घासत राहिला.

मटण सत्यवान घेऊन गेला होता. दुपारी तो टोप घेऊन परत आला. "पावण्यांक खास," म्हणाला. मामीने आपली ताटं देणार नाही म्हटलं, तर त्याने केळीची पानं आणली. बेहेरे जीपमधून उतरून हातपाय धुऊन पानावर बसले.

"वास तर झकास येतोय. कसलं आहे?"

सत्यवान हसला. तोंड उघडणार तेवढ्यात बेहेऱ्यांनी हात वर केला आणि तेही हसले. "नको, सांगू नका! काही गोष्टी न विचारता खाव्यात."

आणि ते जेवले. रस्सा भातात कालवून, बोटं चाटून. हाडाचं एक लहान टोक दाताखाली आलं ते त्यांनी पानाच्या कडेला नीट ठेवलं. मग पान पुढे सरकवून पुन्हा वाढून घेतलं. मामा समोर बसून ताकभात खात होता आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझा उपास आहे. उपास नव्हता. मी आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. नाकात रश्श्याचा वास होता आणि त्याच वेळी मुंबईला जाताना मामाला कुठला सदरा घ्यायचा याचा विचारही डोक्यात चालू होता.

ओलं कातडं मडक्यावर ताणून सुंभाने बांधलं आणि माजघराच्या कोपऱ्यात सावलीत ठेवलं. आठ दिवस घरात माश्या आणि वास. मामी पडवीत निजायला गेली. मी ओरोसला परतले, बेहेरे रेडीकडे गेले. पुढच्या रविवारी सगळे पुन्हा जमलो.

मामाने घुमट मांडीवर घेतलं आणि बोटांनी एकच थाप मारली.

तो आवाज वाईट असता तर किती बरं झालं असतं. तो आवाज जमिनीतून आला. विहिरीत वाकून कोणीतरी हाक मारावी आणि ती पाण्याला लागून परत यावी, तसा.  बेहेऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मामी पडवीतून उठून आली. सत्यवान मला कोपराने ढोसत म्हणाला, "आयकलंस?" आणि मामा वाजवत होता. त्याचा चेहरा उजळला होता, लहान मुलासारखा. तो चेहरा आठवला की मला आजही पानावरून उठावंसं वाटतं.

फेब्रुवारीत मुंबईला कार्यक्रम झाला. मामाला बेहेऱ्यांनी धोतर नेसायला लावलं. तो जन्मात धोतर नेसला नव्हता. मिठागरात हाफपँट, एरवी लेंगा. देवगडचे पखवाजवाले, आचऱ्याचे झांजवाले, बारा व्हायोलिनं आणि मध्ये मामा. व्हायोलिनं त्याच्या श्वासापाशी थांबली तेव्हा सगळं सभागृह थांबलं. शेवटी लोक उभे राहिले.

मग प्रश्नोत्तरं झाली. तिसऱ्या रांगेतून एका बाईंनी विचारलं, "त्या वाद्याला कोणतं कातडं आहे?"

बेहेरे मामाच्या शेजारीच उभे होते, हातात माइक.  "फार योग्य प्रश्न विचारलात," ते म्हणाले. "दुर्दैवाने आपल्या लोककलाकारांना अजून या गोष्टींची जाणीव नाही. परंपरेचा पगडा असतो. मी लवूमामांना पुष्कळ समजावलं. पण त्यांच्या श्रद्धेचा मान राखावा लागतो. पुढच्या वेळी आपण नक्कीच वेगळा पर्याय बघू."

टाळ्या झाल्या. बाई समाधानाने खाली बसल्या.

मामाला पुण्याची मराठी कळत नाही असं कोणाला वाटत असेल, तर ते चूक आहे. त्याने मान वर केली. माइक त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता.

"सायबानू," तो शांतपणे म्हणाला, "तुमी दोनदा वाढून घेतल्यात."

सभागृहात हशा पिकला. त्यांना वाटलं, गावाकडचा म्हातारा काहीतरी गंमत करतो आहे. बेहेरेही हसले आणि त्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला. पुन्हा टाळ्या. त्या हाताखाली मामा तसाच बसून राहिला.

परतीच्या गाडीत चिपळूण गेल्यावर मामाला उलट्या सुरू झाल्या. पोटात काही नव्हतं तरी थांबेनात. मी पाणी दिलं, पाठ चोळली.

"त्येचा कायच मनाक लावून घेव नको, मामा. तो माणूसच तसलो."

"माका त्येची किळस नाय येवक," तो म्हणाला. "माजीच येता."

"मीच तुका सांगलंय ना..."

"गप. तू सांगलंस म्हणान मी केलंय काय? माकाच तो आवाज होयो होतो." त्याने खिडकीच्या गजावर कपाळ टेकलं. "बापाशीच्या हातचो आवाज. कातडा ताणताना हात भरलेले होते माजे आनि मी मनात वाजवन बघी होतंय. वास मारी होतो तरी बरा वाटी होता."

शिमगा जवळ आला. घुमटाची कीर्ती गावोगाव झाली होती. दोन गावांची माणसं मामाकडे येऊन गेली: आमकाय तसाच करून दी. सत्यवानाने तर रानात फासेही लावले. मामाला न विचारताच त्याने कोणाला किती घुमटं द्यायची ते कबूल केलं होतं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी मामाने घुमट गोणपाटात घातलं आणि तालुक्याच्या गावी वनखात्याच्या कार्यालयात गेला. तिथल्या टेबलावर ते ठेवून म्हणाला, "ही घोरपड मी मारलंय. काय ता लिवन घेवा."

तिथला साहेब चांगला माणूस होता. त्याने दोनदा सांगितलं, काका, घरी जा, विचार करून या. मामा बाकावर बसून राहिला. शेवटी जबाब झाला. कोणासाठी मारली? माज्यासाठी. बरोबर कोण होतं? कोण नाय. गुन्हा नोंदला गेला. दुसऱ्या दिवशी सत्यवानाने रानातले सगळे फासे काढून खाडीत फेकले.

मला हे कळलं त्याच संध्याकाळी मी शिरोड्याला गेले. मामाला धीर द्यायला गेले असं मामीला वाटलं. मामी भांडून भांडून थकली होती. मी मामाला बाजूला घेतलं. मी म्हटलं, "मामा, माझी नोकरी सरकारी आहे. माझं नाव कुठे येणार नाही ना?" त्याच्याशी मी कधी कचेरीची मराठी बोलत नसे. त्या दिवशी बोलले.

"तुजा नाव खंय इला त्यात?" तो म्हणाला. "जेवन जा."

आणि मी जेवून गेले.

आठवड्याने कचेरीत बेहेऱ्यांचा फोन आला. "संजनाताई, वाईट वाटलं ऐकून. पण उद्या कोणी विचारलं तर... मी त्या वेळी तिथे नव्हतोच ना?"

"नव्हता," मी म्हटलं. "गाडीत होतात."

"तेच. थँक्यू."

पुढच्या वर्षी सीडी निघाली. वेष्टनावर मामाच्या फाटलेल्या हातांचा फोटो होता, मोठा. केस मात्र पाच वर्षं चालली. दर तारखेला मामा धुतलेला लेंगा-सदरा घालून एसटीने जाई आणि पुढची तारीख घेऊन परत येई. मिठागरातला तेवढा रोज बुडे. गावात त्याला येडो लवू म्हणू लागले. चतुर्थीला आरत्यांच्या वेळी तो मागे बसून नुसता टाळ वाजवी, पुढे तेही सोडलं. घुमट मुद्देमालात जमा होतं.

२००९ च्या एप्रिलात निकाल लागला. कातड्यावर इतकी प्रक्रिया झाली होती की ते कोणत्या प्राण्याचं हे खात्रीने सांगता येत नाही, असा तपासणीचा अहवाल होता. साक्षीदार कोणी नव्हता. नुसती कबुली पुरेशी न धरता न्यायाधीशांनी पुराव्याअभावी मामाला सोडलं. मी त्या दिवशी बरोबर गेले होते. मामा पिंजऱ्यातून हलेना. त्याने आपल्या वकिलांना विचारलं, "मगे ती मेली कशी?" वकील फायली गोळा करत होते, त्यांनी ऐकलं नाही.

शिरोड्याच्या स्टँडवर उतरलो तर सत्यवान पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता. त्याला कोणीतरी फोन केला असणार. दहा-बारा माणसं होती, रिक्षावाले, हॉटेलवाला, बाजारातून मासे विकून परतणाऱ्या बायका. सत्यवान सगळ्यांना पेढे वाटत होता. "आमचो लवू सुटलो! ह्यो घे, संजू. घे रे लवू."

मामाने पेढा घेतला नाही.

"सत्यवान," तो म्हणाला. पाच वर्षांत त्याने कोणाचं नाव घेतलं नव्हतं. तिथे, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता तो बोलला. "ती घोरपड तू धरून हाडलंस. मी मारलंय. ह्या माज्या भाचयेन होय म्हटल्यान. त्या सायबान खाल्ल्यान. पेढे कसले वाटतंस?"

सत्यवान हसायचा प्रयत्न करत इकडेतिकडे बघू लागला. एका मासेवालीने हातातला अर्धा पेढा टोपलीच्या कडेला ठेवला. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण सत्यवान सोडून त्यातल्या कोणालाच माझ्याबद्दल हे माहीत नव्हतं. मामा पिशवी उचलून घराच्या वाटेला लागला.

पेढा माझ्या तोंडात होता. थुंकायला जागा नव्हती. मी तो गिळला आणि त्याच्या मागून चालू लागले.